‘आज सकाळी’ म्हणजे नक्की कोणत्या दिवशी?

प्रश्न असा आला आहे : ‘मी मराठी घेऊन एम.ए. केलं आहे. शुद्धलेखन चांगलं आहे, वाचनाची आवड आहे. वृत्तपत्रात उपसंपादक व्हावं, की कोश आणि संदर्भग्रंथांच्या संपादनात शिरावं? या कामात आयुष्य काढता येतं का? आता यंत्रच लिहायला लागलं आहे, तर पुढे या कामाची गरज उरेल का?’

मी तेरा वर्षं दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावणाऱ्या विभागात होतो. त्यानंतरची सगळी वर्षं कोश, चरित्रग्रंथ आणि सूच्यांच्या संपादनात गेली. आयुष्य काढता येतं, मी काढलं आहे, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर हेच निवडेन. जमलं तर आधी डेस्क करा, मग कोशाकडे जा. रात्री साडेअकराला पान छपाईला सोडायचंच असतं, तेव्हा कुठली शंका आत्ताच फेडायला हवी आणि कुठल्या वाक्याला नुसती कात्री लावून पुढे जाता येतं, हे कळायला डेस्कच लागतं. आधी कोशात बसलेल्या माणसाला ही सवय नंतर लागत नाही, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तुम्ही पहिल्यांदा शुद्धलेखनाचा उल्लेख केला आहे. ते लागतंच, आणि त्याबद्दल पुढे लिहितो. पण त्याआधी एक प्रसंग सविस्तर सांगायचा आहे, कारण या कामाबद्दल मला जे काही कळलं आहे ते बहुतेक सगळं त्यात आहे.

१ जानेवारी १९९८, गुरुवार. तालुक्यांच्या वार्ताहरांची पाकिटं तेव्हा एसटीने यायची. संध्याकाळी एका पाकिटातून एका सनईवादकाच्या निधनाची बातमी निघाली. जुन्या पिढीतले मोठे कलावंत, पंचक्रोशीत नाव असलेले. कॉपी, म्हणजे वार्ताहराने लिहून पाठवलेला मजकूर, चांगल्या अक्षरात होती आणि सुरुवात होती, ‘यांचे आज सकाळी राहत्या घरी निधन झाले.’ ‘आज’, ‘काल’ छापायचं नाही, वाराचं नाव घालायचं, हा आमच्या डेस्कचा नियम. मी ‘आज’ खोडलं, ‘गुरुवारी’ केलं, मथळा दिला, ऑपरेटरकडे पाठवलं. पहिल्या मुद्रितात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या प्रतीत, ‘शहनाईवादक’ झालं होतं, ते ‘सनईवादक’ केलं. ब्रोमाइड, म्हणजे पानावर चिकटवायचा मजकुराचा फोटोकागद, निघाल्यावर एका शब्दाची वेलांटी चुकलेली दिसली, तेव्हा चिकटवणाऱ्या पेस्टरने जुन्या ब्रोमाइडमधून ब्लेडने वेलांटी कापून त्या जागी चिकटवली. एका वेलांटीसाठी आम्ही दोघं दिव्याखाली वाकून उभे होतो. पान वेळेत सुटलं.

वार्ताहराने ती बातमी ३१ डिसेंबरला लिहिली होती. पाकिटावर तारीख होती. पाकीट मी फाडून केराच्या टोपलीत टाकलं होतं.

एक दिवसाची चूक, पण वर्ष बदललं. दुसऱ्या दिवशी कुणी खुलासा मागितला नाही. दुःखातलं घर अशा गोष्टीसाठी पत्र लिहीत बसत नाही.

जवळजवळ बारा वर्षांनी मी एका चरित्रकोशाचं काम करत होतो. त्याच सनईवादकावरची नोंद समोर आली. नावापुढे कंसात मृत्यूचं साल १९९८. नोंदीच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र असं वाक्य होतं की त्यांच्या गावी दर ३१ डिसेंबरला स्मृतिसमारोह होतो. मृत्यू जानेवारीत आणि स्मृतिदिन त्याच्या आदल्या दिवशी, हे कसं जमायचं? लेखकाकडे पुरावा मागितला. त्यांनी लगेच वर्तमानपत्राच्या कात्रणाची झेरॉक्स पाठवली. मथळा मी दिलेला होता.

नगरपरिषदेच्या मृत्युनोंदीचा उतारा मागवला आणि नोंद १९९७ अशी दुरुस्त झाली. तोवर दोन पुस्तकांनी १९९८ उचललेलं होतं, दोन्हींच्या तळटिपेत तेच कात्रण. दोन्ही प्रकाशकांना पत्रं लिहिली. एकाने पुढच्या आवृत्तीत बदल केला. दुसऱ्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे ते साल अजून तिथे आहे.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण वार्ताहराचं काहीही चुकलं नव्हतं. त्याने लिहिलं ते त्याच्या दिवशी खरं होतं. चूक दुरुस्त करताना जन्मली, नियम पाळताना जन्मली. कॉपी एडिटरच्या हातून होणाऱ्या सगळ्यात वाईट चुका अशाच असतात : मूळ मजकुरात नसलेल्या, आपण सुधारणा म्हणून घातलेल्या. ‘गरीबाला’चं ‘गरिबाला’ करायला नियम पुरतो. ‘आज’चं ‘गुरुवारी’ करायला पुरावा लागतो. पेन्सिल टेकवताना या दोहोंपैकी आपण कोणती दुरुस्ती करतो आहोत, हे प्रत्येक वेळी ठाऊक असलं पाहिजे. ते कात्रण पाहिल्यापासून टपालाने आलेल्या मजकुराचं पाकीट मी काम छापून येईपर्यंत त्याला टाचून ठेवायचो. आता ईमेलची तारीख आणि वेळ पाहतो.

वर्तमानपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, असं डेस्कवर सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. कात्रण राहतं, त्यावरून पुस्तक होतं, पुस्तकावरून कोशाची नोंद होते, आणि कोशात आलं की वाद मिटला असं लोक मानतात. तुमच्या प्रश्नात ही दोन कामं दोन बाजूंना ठेवली आहेत. मला ती एकाच नदीची वरची आणि खालची अंगं वाटतात.

नदीवरून आठवलं. पावसाळ्यात डेस्कवर बसलात तर क्युसेक आणि टीएमसी यांचा घोळ तुमच्यासमोर रोज येईल. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी जातं तो वेग. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा. ‘धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी आहे’ या वाक्याला अर्थच नाही. हिशेब एकदा करून वहीत लिहून ठेवा : ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सुटलं की एक टीएमसी होतं. एकदा माझ्याकडे कॉपी आली की रात्रभर दहा हजार क्युसेकने विसर्ग झाला आणि दहा टीएमसी पाणी नदीत गेलं. बारा तासांचा हिशेब केला तर अर्धा टीएमसीसुद्धा होत नाही. दहा टीएमसी म्हणजे कोयना धरणाच्या सुमारे १०५ टीएमसी साठवणक्षमतेचा जवळजवळ दहावा भाग. खाली सांगली-कोल्हापूरकडे माणसं सकाळी पेपर वाचून गोठ्यातली जनावरं हलवायची की नाही ते ठरवतात. ती संख्या तशीच गेली असती तर? या कामात भाषेइतकंच अंकगणित लागतं, आणि मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलांनी ते आवर्जून पक्कं करावं असं मी कळकळीने सांगेन. दहा लाखांचा एक मिलियन आणि शंभर कोटींचा एक बिलियन. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीवरून बातमी करताना थकलेल्या डोळ्यांना एक शून्य इकडचं तिकडे करायला काहीच वेळ लागत नाही.

गुन्ह्यांच्या बातम्यांत शब्दच पुराव्यासारखे असतात. पोलिसांनी पकडलेला माणूस संशयित किंवा आरोपी असतो. गुन्हेगार न्यायालयाने ठरवल्यावर. मथळ्यात जागा कमी पडते म्हणून ‘चोरटा’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरायचा. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असं काहीही छापायचं नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये ही तरतूद होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. अल्पवयीनांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ पाहा. नाव काढलं पण गल्ली, शाळा, वडिलांचा धंदा तसाच ठेवला, तर गावात सगळ्यांना कळतंच. वार्ताहर घाईत असतो, त्याच्या ते लक्षात येईलच असं नाही. ते पाहणारा शेवटचा माणूस तुम्ही असता.

आता कोशाकडे. आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. चाळीस वर्षं एक ग्रंथ निघत राहतो तेव्हा संपादकापुढे काय काय येत असेल, याचा विचार करून पाहा. सुरुवातीच्या खंडांतल्या नोंदी सोव्हिएट संघ आहे असं धरून लिहिलेल्या. तो १९९१ मध्ये संपला. नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवायचं, तर ती नोंद पुढच्या कुठल्या तरी खंडात येणार, अजून कुणी लिहिलेलीही नाही, आणि येईल तेव्हा तिचं शीर्षक हेच असेल याची हमी नाही. ‘पहा’ म्हणून वाचकाला पाठवलं आणि तिथे काहीच नसलं, तर तो पुन्हा कोश उघडताना कचरतो. म्हणून मी प्रत्येक ‘पहा’ची वेगळी वही ठेवतो. कंटाळवाणं काम आहे आणि मला मनापासून आवडतं.

नोंदी अकारविल्हे, म्हणजे वर्णक्रमाने, लावणं सोपं वाटतं. संगणकाला सांगितलं की तो क्षणात लावून देतो, पण कसा? युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे, आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो. अनुस्वाराचा क्रमांक स्वर-व्यंजनांच्या आधीचा, त्यामुळे तो ‘अंक’ ‘अकबर’च्या आधी नेतो, आपण मात्र अं-अः बाराखडीच्या शेवटी म्हणत वाढलो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या जोडाक्षरांत, यावर वेगवेगळ्या कोशांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत. कोणताही निर्णय चालेल, पण तो पहिल्या दिवशी व्हायला हवा, प्रस्तावनेत छापायला हवा आणि शेवटच्या नोंदीपर्यंत पाळायला हवा. निम्मं काम झाल्यावर निर्णय बदलला की काय होतं, तेही मी पाहिलं आहे : एकाच गावाच्या दोन नोंदी, दोन लेखकांच्या, लोकसंख्येचे आकडे वेगळे.

इतिहासाच्या नोंदीत खरी परीक्षा तारखांची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत. म्हणजे १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. डोळे मिटून ७८ मिळवलेत तर १६२९ येईल. आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ते ७९ मुळे. ही तारीख पाठ असल्यामुळे इथे कुणी चुकत नाही. पण एखाद्या पाटलाच्या वतनपत्राचा, माघातल्या एखाद्या निवाड्याचा उल्लेख असेल तर चुकतात. मोडी कागदांत शुहूर सन आणि फसली या जुन्या कालगणना आल्या की आणखी सांभाळावं लागतं. माझा शिरस्ता असा की मूळ कागदावरचा शक आणि तिथी नोंदीत राहू द्यायची, इसवी सन तिच्या शेजारी द्यायचं. पुढे कुणाला शंका आली तर त्याला मुळापर्यंत जाता आलं पाहिजे.

जुन्या मजकुराचं आणखी एक दुखणं आहे. श्री-लिपी, आकृती अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली युनिकोडमध्ये आणताना रफार आणि अर्धा ऱ यांची अदलाबदल होऊ शकते. एका भूगोलाच्या मजकुरात सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या. स्पेलचेकर गप्प बसला, कारण दर्या हा शब्द आहेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक गुरुजी आहेत आणि एक स्वयंपाकी. दोन्ही शब्द बरोबर. अशा जोड्यांची यादी करून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही. पडद्यावर नको, कागदावर छापून घ्या, ओळीखाली पट्टी धरा. दुसरा माणूस मूळ मजकूर मोठ्याने वाचणारा मिळाला तर उत्तम. आकडे आणि नावं अशीच जोडीने वाचावीत.

शुद्धलेखनाबद्दल. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. हे अठरा नियम उदाहरणांसकट तोंडपाठ असावेत. मंत्री पण मंत्रिमंडळ, पक्षी पण पक्षिमित्र, वकील पण वकिलाला, आणि परीक्षेला मात्र री दीर्घच. ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र निघालं तो ६ जानेवारीचा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो, आणि दरवर्षी कुठल्या तरी फलकावर ‘पत्रकार दीन’ असं वाचावं लागतं. ते पाहून मला खरोखर वाईट वाटतं. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बापुडा. पण नियम कुठे थांबवायचे हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे : केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य यांतले उतारे मुळाबरहुकूम छापायचे. नव्या उमेदीचा मुद्रितशोधक जुन्या बखरीतल्या उताऱ्यालाही लाल पेन लावतो. तसं करू नका. आणि बोलीत लिहिणाऱ्या लेखकाची बोली प्रमाण करून टाकू नका. एका लेखिकेच्या कथेतलं ‘व्हतं’ मी उमेदवारीच्या काळात सगळीकडे ‘होतं’ केलं होतं. त्यांनी ते एकेक करून परत बदललं आणि मला बोलावून शेजारी बसवून तो परिच्छेद वाचून दाखवला. त्यानंतर मला कधी सांगावं लागलं नाही.

पैशांचं थोडक्यात. नोकऱ्या कमी झाल्या आहेत. दैनिकांचे डेस्क आक्रसले. आता उपसंपादकच पान लावतो आणि वेबसाइटही सांभाळतो. बाहेरून काम घेणाऱ्याला दर पानामागे मिळतो. काम सुरू करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या : पान किती शब्दांचं धरायचं, वाचनं किती, नुसतं मुद्रितशोधन की संपादनही, आणि पैसे काम दिल्यावर की पुस्तक निघाल्यावर. शेवटच्या मुद्द्यावर मी एकदा दोन वर्षं थांबलो आहे. फक्त पुस्तकांवर अवलंबून न राहता पाठ्यपुस्तकं, अहवाल, संग्रहालयांची सूचिपत्रं, अनुवादांची तपासणी अशी कामं जोडीला ठेवावीत. डोळ्यांची तपासणी दरवर्षी करा.

यंत्राबद्दल तुम्ही विचारलंत. माझा अनुभव सांगतो. पूर्वी निष्काळजीपणे लिहिलेली कॉपी लांबून ओळखू यायची. ज्याने ऱ्हस्वदीर्घ धड लिहिलेलं नाही त्याने साल तरी तपासलं असेल का, अशी शंका आपोआप यायची आणि आपण सावध होऊन वाचायचो. यंत्राने लिहिलेल्या मजकुरात वेलांट्या नीट असतात, वाक्यं गुळगुळीत असतात, आणि त्यातच न झालेलं संमेलन किंवा न निघालेली आवृत्ती बिनदिक्कत बसलेली असू शकते. सावध करणारी ती खूण गेली. आता प्रत्येक कॉपी सनईवादकाच्या बातमीसारखी येते, स्वच्छ अक्षरात. मी स्वतः यंत्राची मदत घेतो, एकाच नावाची दोन रूपं शोधायला, ‘पहा’ जुळवायला. सालाचं उत्तर त्याच्याकडून घेत नाही.

नोकरीसाठी अर्ज करण्याआधी एक काम करून पाहा. तुमच्या जिल्ह्यातली, दोन पिढ्यांपूर्वीची एक व्यक्ती निवडा, जिच्यावर कोशात किंवा पुस्तकात नोंद आहे. कीर्तनकार, शिक्षक, पहिलवान, कुणीही. तिचं जन्मसाल तीन ठिकाणी पाहा. वेगवेगळं निघालं तर बरंच, शोधायला धागा मिळाला. तिन्ही ठिकाणी एकच निघालं तर तिघांनी ते एकाच ठिकाणाहून उचललेलं नाही ना, हे पाहा. आणि तारीख १ जून असेल तर शाळेच्या दाखल्यापाशी थांबू नका. पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहायचे. अशा वेळी घरातल्या थोरल्या बाईला विचारा की हा कुणाच्या लग्नाच्या वर्षी झाला, कुठल्या दुष्काळात, कुठल्या पुराच्या आधी. तिथून साल निघतं.